शेवटचा तुकडा गाळू नकोस

पुणे, रविवार

चि. सोनू,


काल फोनवर तू म्हणालास की तुम्ही डेथ या बँडचं ‘पेरेनियल क्वेस्ट’ बसवताय, पण शेवटचा संथ तुकडा गाळणार आहात, कारण तोवर लोक पांगायला लागतात. मी तेव्हा गप्प बसलो. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं.

ते गाणं ज्या अल्बमवर आहे तो ‘सिम्बॉलिक’ १९९५चा. मला तो एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर मिळाला. त्याआधी मी त्यांचा पहिला अल्बम ऐकला होता, १९८७चा ‘स्क्रीम ब्लडी गोर’. प्रेतं, रक्त, भुतं, सगळं अंगावर येणारं. तेच पुन्हा ऐकायच्या तयारीने मी कॅसेट लावली आणि पहिलंच गाणं निघालं हरवलेल्या बालपणाबद्दल. आवाज तोच, घशातून खरवडून काढलेला. पण या आवाजात माणूस लहानपणाची निरागसता आठवतोय! शब्द कळायला मला चार-पाच वेळा ऐकावं लागलं. कळले, आणि रात्री झोप आली नाही.

डेथचा गायक आणि गिटारवादक चक शुल्डिनर नऊ वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ मोटारीच्या अपघातात गेला. भाऊ सोळा वर्षांचा होता. पोराचं मन कशात तरी रमावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. रीतसर शिकवणीत तो फार टिकला नाही; इलेक्ट्रिक गिटार हातात आली तेव्हा मात्र सुटला. फ्लोरिडातल्या त्या घरातल्या दुःखातून हे संगीत आलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ‘सिम्बॉलिक’ ऐकताना ते नऊ वर्षांचं पोर मला दिसतंच.

तू ड्रम्स वाजवतोस म्हणून या अल्बमवरच्या ड्रमरबद्दल, जीन होग्लनबद्दल सांगतो. तुम्ही सगळे त्याचे पाय ऐकता. दोन्ही पाय पळतात, खरंच आहे, पण तू एकदा फक्त राइड सिंबलकडे कान ठेव. पाय धावत असताना त्याचा उजवा हात वरती एक वेगळंच नाजूक काम करत असतो. तबल्यावर बायाँ घुमत असताना चाटेवर बोटं बारीक बोलतात ना, तसं. टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत जिम मॉरिस आणि चक यांनी मिळून हे ध्वनिमुद्रण असं केलंय की त्यातला एकही ठोका गर्दीत हरवत नाही. याआधीच्या अल्बमांत ती स्वच्छता मला कधी मिळाली नव्हती.

आता तुमचा तुकडा. आधी त्याच अल्बममधलं ‘क्रिस्टल माउंटन’ ऐक. ढोंगी धार्मिकतेवर चिडलेलं गाणं, आणि संपतं कशावर? अकूस्टिक गिटारवर. मग अल्बमचं शेवटचं, सर्वांत लांब गाणं, आठ मिनिटांच्या वरचं ‘पेरेनियल क्वेस्ट’. तिथे गायकाचा आवाज थांबतो, गिटारचा खरखरीतपणा गळून पडतो आणि मोकळे, स्वच्छ स्वर उरतात. सुमारे पन्नास मिनिटं ओरडून झाल्यावर तो माणूस पहिल्यांदा शांत बसतो. तुम्ही गाळताय ते हे. बाकीची आठ गाणी मला त्या जागेकडेच येताना ऐकू येतात.

आणखी एक, हे मी तुला आधी कधी सांगितलं नाही. १९९९ साली चकच्या मेंदूत गाठ निघाली. उपचारांच्या पैशांसाठी इतर वादकांनी मदतीचे कार्यक्रम केले. १३ डिसेंबर २००१ला तो गेला, चौतिसाव्या वर्षी. ती बातमी कळली त्या रात्री मी फक्त हा तुकडा लावला होता. पुन्हा पुन्हा, कॅसेट मागे घेऊन.

लोक पांगत असतील तर पांगू देत. जे दोघे-तिघे थांबतील त्यांच्यासाठी वाजवा. गिटारवाल्याला सांग, तिथे घाई नको. आणि तू काठ्या हलक्या धर.

शनिवारी मी तालमीला येतोय. आल्या आल्या मला तेवढाच तुकडा ऐकवा, बाकीचं मग.

तुझा,
काका