दूरचा हात आणि जवळचा डोळा

शिपाईगिरी करावी की न करावी, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत नवा नाही. आपल्या आजोबांच्या काळी पुष्कळ घरांतून मुलगे पलटणीत गेले. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत शिपाईगिरीचा एक असा प्रकार निघाला आहे की, त्यास जुनी मापे नीट लागत नाहीत. आपल्या देशानेही २०२४ च्या आक्टोबरात अमेरिकेकडून ३१ ड्रोन घेण्याचा करार केला आहे. तेव्हा हा विचार दूरचा म्हणून टाकून देता येत नाही.

अमेरिकेतील नेवाडा संस्थानात, लास वेगास शहरापासून सुमारे ४५ मैलांवर, क्रीच नावाचा लष्करी विमानतळ आहे. तेथे एका बंद खोलीत दोन माणसे शेजारी बसतात: एक वैमानिक, व दुसरा कॅमेरा हालविणारा आणि लेसरचा किरण लक्ष्यावर धरून ठेवणारा. विमान हजारो मैलांवर असते, आणि त्यात कोणीच नसते. पाळी संपली म्हणजे ही माणसे मोटारीने घरी जातात व मुलांबरोबर जेवतात.

स्वतःचा जीव धोक्यात न घालता दुसऱ्याचा घेणे हा भित्रेपणा होय, असे पुष्कळ लोक म्हणतात. आम्हांस हा आक्षेप पोकळ वाटतो. ११३९ साली लॅटरनच्या दुसऱ्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांवर धनुष्यबाण चालविण्यास मनाई केली होती. ती फारशी कोणी पाळली नाही. मारणारा स्वतः मरणाच्या जवळ उभा असला म्हणजे मारणे शुद्ध होते काय? दाविदाने उरीयास एका पत्राने मारिले, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. त्याने स्वतः तरवार चालविली असती, तरी ते पाप तितकेच काळे राहिले असते.

खरी अडचण उलट बाजूस आहे. गोलंदाजास आपला गोळा कोणावर पडला हे बहुधा दिसत नाही, यास दिसते. एखादा मनुष्य केव्हा उठतो, कोणाशी बोलतो, त्याची मुले अंगणात केव्हा येतात, हे तो दिवसचे दिवस पाहत असतो. मग आज्ञा येते. अस्त्र पडल्यावरही डोळा काढून घेता येत नाही, कारण काय झाले ते पाहणे हेही त्याचेच काम.

आणि इतके पाहूनही कळतेच असे नाही. २९ आगस्ट २०२१ रोजी काबूल शहरात एका मोटारीवर आठ तास नजर ठेवून अस्त्र सोडण्यात आले. दहा माणसे मेली, त्यांत सात मुले. गाडीवाला एका परोपकारी संस्थेचा नोकर होता. १७ सप्टेंबरास लष्कराने चूक कबूल केली. डिसेंबरात, कोणासही शिक्षा होणार नाही, असे जाहीर झाले. चूक सर्वांची म्हणून कोणाचीच नाही! या धंद्यातील मोठा मोह आम्हांस हाच दिसतो. आज्ञा एकाची, माहिती दुसऱ्याची, बोट तिसऱ्याचे. ज्या तरुणास या वाटणीत समाधान वाटते त्याने या नोकरीत जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यास 'मला नीट दिसत नाही, मी सोडणार नाही' असे वरिष्ठास म्हणण्याचे धैर्य आहे, त्यास आम्ही अडविणार नाही. मात्र ते धैर्य रोज लागेल, एकदाच नव्हे.

पगाराची गोष्ट निराळी. २०१५ साली अशा वैमानिकांनी नोकरी सोडू नये म्हणून अमेरिकेने वर्षास २५,००० डॉलर जादा देऊ केले. माणसे टिकत नव्हती, हे त्यावरून उघड होते.

क्रीच येथे या लोकांकरिता पाळकही नेमिले आहेत, व गुप्त गोष्टी ऐकण्याची त्यांस परवानगी आहे, कारण घरी बायकोजवळ त्या बोलता येत नाहीत. अशा खोलीच्या दाराशी आम्हांस उभे केले, आणि पाळी संपवून बाहेर येणाऱ्या मुलाने 'आज मी काय पाहिले ते सांगू काय?' असे विचारिले, तर आम्ही प्रथम ऐकू. पुढे काय बोलावे, ते आम्हांस अजून सुचलेले नाही.