यमूसाठी रडणं सोपं असतं

अलीकडे लागोपाठ दोन कादंबऱ्या वाचल्या. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) आणि ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’. पहिलीत, खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते. दुसरीत, विधवा झालेल्या यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं. दोन्ही ठिकाणी रडू आलं. आणि खरं सांगायचं तर, छानही वाटलं. पुस्तक मिटून लगेच एका मैत्रिणीला मेसेज केला : ‘जबरदस्त आहे, वाचच.’

विचित्रच आहे हे. कुणाच्या डोक्यावर वस्तरा फिरतोय आणि आपण म्हणतो ‘जबरदस्त’! करुणरसातून आनंद का मिळतो, हा आपल्या साहित्यशास्त्रातला जुना प्रश्न. मला त्याच्या शेजारचा प्रश्न छळतो : हा आनंद घेणं बरं आहे का?

आपट्यांची कादंबरी ज्या साप्ताहिकात क्रमशः आली, त्याचं नावच ‘करमणूक’. १८९० साली पुण्यात त्यांनीच ते सुरू केलं होतं. त्या काळच्या कितीतरी घरांत यमू खरीखुरी होती; लाल आलवणातली, स्वयंपाकघरात राबणारी आत्या किंवा काकू. त्याच सुमारास, मार्च १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कागदावरच्या विधवेसाठी हळहळणारा आणि खऱ्या विधवेशी लग्न करणाऱ्याला वाळीत टाकणारा समाज एकच होता.

म्हणजे वाचणं हे ढोंग? मला तसं वाटत नाही. यमू आपल्याकडे काहीच मागत नाही. पैसे नाहीत, आसरा नाही, बाजू घेणंही नाही. म्हणून तर आपण तिच्याकडे नजर न चुकवता बघू शकतो. खऱ्या माणसाकडे नीट पाहिलं की काहीतरी करावं लागेल, या धास्तीनेच आपण मान वळवतो. कादंबरीत ती धास्ती नसते. वाचनाचा आनंद बराचसा या मोकळ्या बघण्याचा आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फक्त त्यानंतर एक सबब हातातून जाते. ‘मला काय माहीत तिला काय वाटत असेल’ असं म्हणता येत नाही. यमूचं माहेर, सासर, तिची भीती, सगळं मला पाठ आहे. रोज घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं गाव कोणतं, हे मात्र कधी विचारलेलं नाही. आपट्यांनी शीर्षकातच विचारलेला प्रश्न यमूबद्दल आहे असं आपण धरून चालतो. पण यमूला तर आपण कधीच लक्षात घेतलंय.