ताण तोडताना

वरूडच्या शिवारात एक ख्रिस्ती बागाईतदार होता. सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याची बाग, झाडं चांगली पोसलेली आणि मालक झाडांहून पोसलेला. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की ईस्टरपर्यंत मटण बंद, हा नेम मात्र त्यानं कधी मोडला नाही. चारचौघांत तो हे सांगायचाही.

मटणाच्या जागी पातोडीचा रस्सा यायचा. वाटीत वर लाल तर्रीचा थर दिसला नाही तर स्वारी ताट सरकवायची. खसखस-खोबऱ्याचं वाटण पाट्यावरचंच पाहिजे. मिक्सरमधलं त्याला पहिल्याच घासाला कळे. सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरींनी खादाडपणाच्या पाच तऱ्हा सांगितल्या आहेत. फार खाणं ही त्यातली एक. वेळेआधी खाणं, उंची खाणं, अधाशासारखं खाणं आणि जिभेचे चोचले पुरवणं, हेही त्यांनी त्यातच धरलं. त्या हिशेबानं आपला गडी उपवासातच जास्त खादाड होता. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे काही फक्त देवळात जाणाऱ्यांचं नाही.

ईस्टरला चर्चमधून आला तो थेट चुलीपाशीच बसला. बागेतल्या म्हाताऱ्या रखवालदाराला त्या दिवशी जेवायला बोलावलेलं होतं. ओलीत आटोपून तो दुपारी पोचला तेव्हा पातेल्यात हाडं उरली होती आणि मालक ओवा चघळत खाटेवर आडवा पडला होता. म्हाताऱ्यानं वरण-पोळी खाल्ली, चूळ भरली आणि गेला.

पुढे उन्हाळा तापला आणि मृग बहारासाठी बागेला ताण बसला. म्हणजे पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत आणखी काही दिवस. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, पाव हिस्सा गळतात. नवख्या माणसाचा जीव कासावीस होतो. पण या दिवसांत पाणी चालू ठेवलं तर झाड नुसतं पाल्यानं माजतं, फूल धरत नाही. बुंध्याशी पाणी साचून राहिलं तर डिंक्या लागतो आणि सालीतून डिंक गळू लागतो. ताण फार लांबला तरी वाईटच, फांद्यांची सल होते. (वरूड-मोर्शीत बोअरवर बोअर खोदून आम्ही जमिनीखालचं पाणी ज्या हावरेपणानं उपसलं, त्याला पोप ग्रेगरींनी कितवी तऱ्हा म्हटलं असतं कोण जाणे.)

त्या वर्षी मृगाचा पाऊस लांबला. विहिरीच्या पाण्यानंच ताण तोडायची वेळ आली. मोटार सुरू करताना मालक रखवालदाराला म्हणाला, "काका, पह्यलं पानी हलकं सोडजा. ताणातलं झाड हावरं असते. एकदम पाजलं तं फूल गयते."

म्हातारा हसला. "हाव मालक. पन ईस्टरले हे कोनी सांगतलं नाई काय तुमाले?"

मालकाची कानशिलं तापली. म्हाताऱ्याला चार शब्द सुनवावे असं वाटलं, पण नजरेपुढे ते रिकामं पातेलं आलं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानं आत्म्याचं फळ सांगताना इंद्रियदमन अगदी शेवटी मोजलं आहे. मालकानं ते कितीदा ऐकलं होतं. जन्मभर फळांचा धंदा करूनही त्यात त्याला कधी फळ दिसलं नव्हतं. आता दिसलं, आणि हेही दिसलं की आपण स्वतःला ताण दिलाच नव्हता. वरचं पाणी तोडलं, तर्रीचं ठिबक मात्र चालूच होतं.

पुढच्या उपवासकाळात त्यानं मटण सोडलं आणि ताटाला नावं ठेवणंही सोडलं. ताटात पडेल ते खाल्लं. पहिला आठवडा घरच्यांना तो आजारी आहे असं वाटलं. ईस्टरला पहिलं ताट रखवालदाराला वाढलं, मालक त्याच्या शेजारी बसला आणि दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या बायकोला त्यानं हातानंच नको म्हटलं. रखवालदारानं मात्र तीनदा मागून घेतलं. जाताना म्हणाला, "रस्सा बरा होता मालक. तर्री जराशी कमी पडली."