मिरासदार आणि उपरी

२०२५ च्या डिसेंबरात, सिटी फुटबॉल ग्रुप या विलायतेतून कारभार पाहणाऱ्या समूहाने मुंबई सिटी एफसी या क्लबातील आपला हिस्सा सोडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अंबरनाथ स्थानकाच्या फलाटावर दोन तरुणांचे बोलणे माझ्या कानी पडले. त्यांच्यापैकी एकाच्या अंगात क्लबाची आकाशी जर्सी होती आणि तो मोठ्या कळवळ्याने आपल्या मित्राला सांगत होता, ‘‘आपल्याला वाऱ्यावर सोडून गेले रे ते.’’ माझ्यासोबत उभे असलेले, आमच्याच इमारतीत राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ त्याच्याकडे वळले आणि अत्यंत सौम्य स्वरात म्हणाले, ‘‘अरे बाळा, पण तो क्लब तुमचा होता कधी?’’ मुलगा ‘‘तसं नाही, काका...’’ एवढेच पुटपुटला आणि गप्प झाला. हा प्रश्न कुत्सितपणे विचारला गेला असता तर मी तो केव्हाच विसरलो असतो; परंतु तो सद्भावाने विचारला होता, आणि उत्तर नसल्याच्या खात्रीने विचारला होता, म्हणूनच तो मला आजतागायत सलत राहिला आहे.

कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे. क्लब ही एक कंपनी आहे; २०१४ साली, इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामाच्या तोंडावर, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्या मालकीत तो स्थापन झाला, २०१९ च्या नोव्हेंबरात त्यातील पासष्ट टक्के हिस्सा या परदेशी समूहाने घेतला, आणि आता तो पुन्हा मूळ मालकांकडे आला. या सर्व दस्तऐवजांत तिकीट काढून गॅलरीत बसणाऱ्याचा कोठेही उल्लेख नाही आणि असण्याचे कारणही नाही. हे सारे वाचकाला ठाऊकच आहे. माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे: मालकी नसूनही हक्क असू शकतो की नाही?

या प्रश्नाचा विचार करताना मला आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेतील एक भेद वारंवार आठवतो. तो माझ्या विशेष आवडीचा असल्यामुळे त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. पेशवाईतल्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या दोघांचे वर्णन केले आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो सरकारसारा भरीत असेतो त्याला कोणी उठवू शकत नसे, आणि दुष्काळात किंवा धामधुमीत तो परागंदा झाला तरी पुष्कळ वर्षांनी परत येऊन आपली जमीन मागण्याचा त्याचा अधिकार गाव मान्य करीत असे. उपरी हा बाहेरून आलेला. तो बोलीने, मक्त्याने जमीन करी, आणि दर परवडेनासा झाला की बाडबिस्तरा गुंडाळून शेजारच्या गावी जाई. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, भार मिरासदारावरच अधिक असे. पूर्ण दराचा सारा त्याने भरायचा, कित्येक ठिकाणी वर मिरासपट्टीही द्यायची, आणि पीक बुडाले म्हणून त्याचे नाते संपत नसे. उपऱ्याला सवलतीचा दर मिळे, कारण तो निघून जाईल ही धास्ती गावाला असे. ज्याला जाता येते त्याची मनधरणी होते आणि ज्याला जाता येत नाही त्याच्याकडून वसुली होते, ही रीत फार जुनी आहे.

क्लबाच्या पाठीराख्यांकडे या दृष्टीने पाहू लागलो तेव्हा मला प्रथम कोल्हापूर दिसले. फुटबॉलातली अस्सल मिरासदारी महाराष्ट्रात कोठे असेल तर ती तेथे आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावे उच्चारताच त्या शहरातला माणूस आपली पेठ सांगतो आणि पेठ सांगितली की संघ सांगावा लागत नाही. आखाड्याच्या मातीतून उगवलेल्या या संघांना छत्रपती शाहू स्टेडियमवर पाहायला आजोबा, बाप आणि नातू एकाच बाजूला बसतात. तेथला संघ हरतो तेव्हा पेठ हरते. तो विकत घ्यायला कोणी येणार नाही, कारण विकणारा सापडणार नाही. त्या मानाने आम्ही कोण? चिखलोलीसारख्या, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये पसरत चाललेल्या वस्तीतले, गिरगावातून, लालबागेतून, खानदेशातून आणि कोकणातून आलेले लोक. गावचे मूळ रहिवासी निराळे, आम्ही निराळे. घराच्या बाबतीत उपरी, आणि संघाच्या बाबतीतही उपरी, असाच निष्कर्ष मी कित्येक दिवस मनाशी धरला होता.

परंतु या उपऱ्यांची वहिवाट जरा जवळून पाहिली पाहिजे. सामना संध्याकाळी साडेसातचा, मैदान अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलातले. आमच्या इमारतीतली, मुंबई सिटीची पाठीराखी मुले चारच्या सुमारास निघतात. चिखलोलीचे स्थानक अजून आमच्या वाट पाहण्यातच असल्यामुळे रिक्षाने अंबरनाथ, तेथून उलट्या गर्दीला छेदीत घाटकोपर, तेथे जिना चढून मेट्रो, मग आझादनगरला उतरून पायी. जर्सी पाठपिशवीत असते; घाटकोपरनंतर ती अंगात चढते. परतताना कर्जतकडे जाणारी उशिराची गाडी गाठण्यासाठी घाटकोपरच्या जिन्यावर सर्वांची धावाधाव होते, आणि संघ हरला असेल तर ठाण्यापर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. कोल्हापूरचा माणूस पेठेतून चालत स्टेडियमवर येतो. ही मुले एका सामन्यासाठी सबंध संध्याकाळ आणि अर्धी रात्र सारा म्हणून भरतात.

आणि हा सारा त्यांनी सुकाळात तेवढा भरला असे नाही. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाने या संघाचा सात-शून्य असा पराभव केला. सुनील छेत्री संघात होता, निकोला अनेल्का हा खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी होता, आणि तरीही दुदू आणि हाओकिप या प्रतिपक्षाच्या दोघांनी प्रत्येकी तीन गोल केले. २०१९ च्या मार्चमध्ये उपांत्य सामन्यात त्याच गोव्याने अंधेरीत, घरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत, पाच-एक असे हरविले. मग आला २०२०-२१ चा हंगाम. सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने लीगमधील अग्रस्थानाची ढाल जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यात, एटीके मोहन बागानविरुद्ध एक-एक अशी बरोबरी असताना, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल करून करंडकही मिळविला. एकाच हंगामात दोन्ही मान! पण तो महामारीचा काळ होता. सबंध हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर खेळला गेला. ज्यांनी सात गोलांचा आणि पाच गोलांचा मार सोसला त्यांना सुगीच्या दिवशी शेतात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. त्या रात्री आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून जो एकच आरोळा उठला तो मी ऐकलेला आहे. टाळेबंदीच्या शिणलेल्या त्या दिवसांत असा निर्भेळ आनंदाचा आवाज मी दुसरा ऐकला नाही.

पुढचे चढउतारही याच जातीचे. २०२२ च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबवर दोन-एक अशी मात करून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत गटातले सहाच्या सहा सामने गमावले. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानने शेवटच्या सामन्यात हरवून ढाल हिरावून घेतली, आणि तीन आठवडे उलटण्याच्या आत, ४ मे रोजी, त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याला, त्याच्या हजारो समर्थकांसमक्ष तीन-एक असे हरवून करंडक मुंबईला आला.

फलाटावर तो प्रश्न विचारणारे आमचे शेजारी या सगळ्यावर एक सुसंस्कृत उपाय सुचवितात. ते शास्त्रीय संगीताचे व्यासंगी श्रोते आहेत. त्यांचे म्हणणे असे की, खेळ हा खेळ म्हणून पाहावा. ज्या बाजूने सुंदर चाल होईल तिला दाद द्यावी. पक्ष घेतला की दृष्टी गढूळ होते, आणि परक्याच्या जयापजयाने स्वतःच्या झोपेचे खोबरे करून घेणे हे विवेकी माणसाला शोभत नाही. या मतात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पक्षाभिमानाने माणसे आंधळी होतात; कोल्हापुरातही मैदानावरची ईर्षा हाणामारीवर गेल्याचे प्रसंग घडले आहेत, आणि त्यांचे समर्थन कोणी करू नये. परंतु संगीताच्या मैफलीत दोन गवयांपैकी एकाने हरायचे नसते, हा भेद ते विसरतात. सामना ही जिंकण्याहरण्याच्या पणावर उभी राहिलेली कला आहे. गॅलरीतल्या प्रत्येकाने तटस्थ रसिकता पत्करली तर नव्वदाव्या मिनिटाच्या गोलाला गोल या संज्ञेपलीकडे काही अर्थच उरणार नाही. रसिकाला ज्या सौंदर्याचा आस्वाद घ्यायचा आहे त्यातला अर्धा ताण पाठीराख्यांच्या काळजीतून निर्माण झालेला असतो, आणि त्या काळजीची किंमत न देता तो तिचे फळ चाखतो. आमच्या जुन्या भाषेत सांगायचे तर खेळाच्या गावात रसिक हाच खरा उपरी आहे. पीक चांगले आले तर तो येतो. सात-शून्यच्या दिवशी त्याला दुसरे गाव मोकळे असते.

येथपर्यंत आलो आणि माझ्या आवडत्या भेदाने मला निराळ्याच ठिकाणी आणून सोडले. बांधिलकी हा निकष धरला तर आतापर्यंत निघून गेले कोण? मुंबईचेच उदाहरण घ्या. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली कंपनीने तो संघच बंद केला. कूपरेजवर त्याच्यासाठी जाणाऱ्यांना कोणी विचारले नाही. २०१६ साली गोव्याच्या साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले, त्यामागे फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याविषयीचा न्याय्य रोष होता. पण रविवारी फातोर्ड्याला जाणाऱ्याचा रविवार गेला तो गेलाच. २०१९ साली एफसी पुणे सिटी आटोपला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. २०२५ च्या जुलैत तर लीगचा हंगामच करारमदारांच्या घोळात स्थगित झाला, आणि त्या अनिश्चिततेला कंटाळून पासष्ट टक्क्यांचा धनी डिसेंबरात चालता झाला. दर परवडेनासा होताच बाडबिस्तरा गुंडाळणारा कोण, आणि पीक बुडाल्यावरही साऱ्याची थैली घेऊन उभा राहणारा कोण? भांडवल घालणारा उपरी ठरतो, आणि घाटकोपरचा जिना धावत चढणारा मुलगा मिरासदार ठरतो. मालकाची निंदा करावी म्हणून मी हे म्हणत नाही. उपऱ्यांवाचून गावे ओसाड पडली असती हे इतिहासाला ठाऊक आहे, आणि २०२१ चे वैभव त्या समूहाच्या पैशावाचून आणि ज्ञानावाचून आले नसते. माझे म्हणणे एवढेच की, नाव कोणत्या रकान्यात लिहायचे ते नीट ठरवावे.

यावर कोल्हापूरकर म्हणेल की मिरासी वंशपरंपरेने येते, बारा वर्षांच्या क्लबाला ती कोठून? परंतु ज्या कुळाचे कोणी उरले नाही अशी गतकूळ जमीन बाहेरून आलेल्या माणसाला पाटील आणि गावकरी मिरासपत्र करून देत, आणि पुढे त्याचाच वंश मूळचा म्हणून गणला जाई. मुंबईचे फुटबॉल ही अशीच गतकूळ जमीन होती. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स यांचे संघ कालौघात गेले. गिरण्यांबरोबर गिरणगावातला प्रेक्षकही पांगला, आणि त्यातला काही अंबरनाथ-बदलापूरकडेच आला. त्या पडीक रानात ज्यांनी पुन्हा नांगर घातला त्यांची मिरासी नवी आहे म्हणून खोटी ठरत नाही.

आता हा हक्क कागदावर आणता येतो का? इतरत्र आणला आहे. जर्मनीत १९९८ पासून व्यावसायिक क्लबांतले बहुसंख्य मताधिकार सामान्यतः क्लबाच्या सभासदांच्या हाती ठेवण्याचा दंडक आहे. धनिकाने पैसा घालावा, पण क्लबाचे दैव त्याला एकट्याला ठरविता येत नाही. इंग्लंडात २००२ साली विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या गावी नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हा मागे राहिलेल्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला, बऱ्याच खालच्या श्रेणीतून एकेक पायरी चढत २०११ साली तो फुटबॉल लीगमध्ये नेला आणि २०२० साली आपल्या जुन्या प्लाउ लेन भागात त्याचे मैदानही उभे केले. परागंदा मिरासदाराने परत येऊन आपली जमीन मिळविल्याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आमच्याकडे लगेच तेवढे होणार नाही, आणि मी तेवढे मागतही नाही. क्लब विकताना, त्याचे घरचे मैदान हलविताना, २०२३ साली बदलले तसे त्याचे बोधचिन्ह बदलताना, ज्यांनी वर्षानुवर्षे गॅलरीत हजेरी लावली त्यांची संमती घ्यावी, एवढीच मागणी आहे. आमचे शेजारी विचारतात, असे मिरासदार ठरविणार कोण आणि त्यांची यादी ठेवणार कोण? गावात ती कुलकर्ण्याच्या दप्तरात असे आणि तंटा पडला तर पांढरीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या, साक्षीने सिद्ध होई. मुंबई सिटीच्या गॅलरीत वेस्ट कोस्ट ब्रिगेड या नावाने एकत्र बसणारे लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. कोण पाच-एकच्या दिवशी शेवटपर्यंत थांबला होता हे त्यांना ठाऊक आहे. साक्षीला तेवढे पुरे. ती यादी त्यांनी आताच लिहावयास घ्यावी. पुढला हंगाम कोणाच्या मालकीत खेळला जाईल हे ठरेपर्यंत थांबण्याचे काही कारण नाही.