नोंद करणारा आणि तपासणारा

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. मर्स्क या डॅनिश समूहाच्या कंपनीकडून चालवलं जाणारं हे टर्मिनल. कंटेनर, क्रेन, माणसं सगळं जागेवर होतं. फक्त कुठला कंटेनर कोणाचा आणि तो कुठे जायचा, हे सांगणारी यंत्रणा बंद पडली होती. कामं हातानं करायची पाळी आली. माल तुंबणार हे दिसत होतं, म्हणून बंदराला जादा पार्किंगची तजवीज करावी लागली.

हे संकट आलं युक्रेनमधून, आणि तेही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. एमईडॉक नावाचं हे सॉफ्टवेअर तिथल्या कंपन्या करविवरणं भरण्यासाठी सर्रास वापरत. ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरले आणि नेहमीच्या अपडेटच्या वाटेनं त्यांनी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्रॅम सोडला. मर्स्कच्या ओडेसातल्या कार्यालयात हे सॉफ्टवेअर एका संगणकावर होतं. तेवढ्यावर नॉटपेट्या कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. पुढे कंपनीला ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणाऱ्या दीडशेच्या आसपास सर्व्हरांपैकी एकच शाबूत राहिला, तो घानामधल्या कार्यालयातला; कारण नेमकी तिथली वीज गेलेली होती.

मी पनवेलला बी.कॉम. करतो. पनवेल-उरण पट्ट्यात बंदराशी पोट बांधलेली घरं पुष्कळ: कोणी ट्रेलरवर, कोणी सीएफएसमध्ये म्हणजे कंटेनर ठेवण्या-हाताळण्याच्या आवारात, कोणी कस्टम एजंटाच्या ऑफिसात. त्यामुळे ही हकीकत वाचली तेव्हा मला ती परक्या देशातली वाटली नाही. पण जास्त विचार करायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. या सगळ्या साखळीत टर्मिनलवरच्या कोणीही काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. कोणी भलत्या लिंकवर बोट ठेवलं नाही, कोणी पासवर्ड सांगितला नाही. युक्रेनमधल्या ज्या हिशेबनिसानं अपडेट घेतलं, त्यानं तर जे करायला आपण सगळ्यांना सांगतो तेच केलं.

आम्हाला ऑनलाइन सुरक्षा शिकवली जाते ती मात्र सावधगिरी म्हणून. संगणकाच्या पुस्तकात शेवटचं प्रकरण तिचं. व्हायरस, वर्म, ट्रोजन यांतला फरक. पासवर्डमध्ये आकडा हवा, चिन्ह हवं. ओटीपी कुणाला सांगू नका. अनोळखी मेल उघडू नका. पाच गुणांची टीप लिहायला हे पुरतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा तास वेगळा, ऑडिटिंगचा पेपर वेगळा आणि सुरक्षेचं प्रकरण तिसरीकडे. ही तिन्ही एकाच प्रश्नाची अंगं आहेत, असं माझं मत हळूहळू होत गेलं. नोंद करण्याचा अधिकार कोणाला, ती बदलण्याचा कोणाला, आणि ती बरोबर आहे हे दुसरं कोण बघणार, हा तो प्रश्न. तो वापरणाऱ्याच्या सावधपणाच्या भरवशावर सोडून चालत नाही.

कॉलेज सुटल्यावर मी एका करसल्लागारांच्या ऑफिसात काम शिकायला जातो. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणं, या दोन तारखांभोवती ऑफिसचा महिना फिरतो. २० तारखेच्या दुपारी तिथे सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य म्हणजे, "शेठ, ओटीपी आलाय का?" विवरण इथे तयार होतं, पण मालकी धंदा असला की सही म्हणून चालणारा ओटीपी जातो दुकानदाराच्या मोबाइलवर. दुकानदार गल्ल्यावर असतो, समोर गिऱ्हाईक असतं. तो एका हातानं सुटे पैसे देत आकडे वाचून दाखवतो. कशासाठी आलाय, किती कर दाखवलाय, हे तो विचारत नाही. त्याला वेळ नसतो आणि आमच्या करसल्लागार सरांवर विश्वास असतो. विश्वास अस्थानी नाही, सर चोख माणूस आहेत. पण त्याच दुकानदाराच्या फोनवर बँकेचा मेसेज येतो की ओटीपी कोणालाही, अगदी बँकेच्या माणसालाही सांगू नका. दर महिन्याला आकडे वाचून दाखवायची सवय असलेल्या माणसाला उद्या भामट्याचा फोन आला, तर त्यानं नेमक्या त्या वेळी वेगळं वागावं अशी अपेक्षा आपण करतो.

मला या दुकानदाराला दोष देववत नाही. सल्लागारालाही नाही. ही व्यवस्था आखताना असं धरलं गेलं की प्रत्येक जण आपलं लॉगिन आपणच वापरील. आपल्याकडचा लहान धंदा तसा चालतच नाही. तो मुनीम, भाचा, वकील, सल्लागार अशा दुसऱ्यांच्या हातांनी चालतो. कायद्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून तर मुखत्यारपत्र आहे. त्यात काय करता येईल आणि काय नाही, हे लिहिता येतं. भाडं वसूल कर, पण जमीन विकू नकोस. संगणकातही अशी मुखत्यारी देता येते. जीएसटीत नोंदणीकृत प्रॅक्टिशनर नेमण्याची सोय आहे. तो आपल्या लॉगिननं काम करतो आणि करदाता त्याला केव्हाही काढू शकतो. तरीही मी पाहतो ती पद्धत निराळी: सगळ्या पक्षकारांची युजरनेमं आणि पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये. जो संपूर्ण पासवर्ड देतो, तो मोबाइल नंबर बदलण्यापासून जुनी विवरणं बघण्यापर्यंतचे सगळेच हक्क देतो. मर्यादित विश्वास टाकण्याची सोपी रीत हाताशी नसली की माणूस पूर्ण विश्वास टाकतो. इथे नागरिकांचं अज्ञान कमी आणि आखणीतली उणीव जास्त आहे.

आणखी एक वस्तू मी तिथे पहिल्यांदा हातात घेतली, ती म्हणजे डीएससी, डिजिटल सहीचं टोकन. दिसायला पेनड्राइव्हसारखी. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं डिजिटल सहीला मान्यता दिली आणि या टोकनमधली सही म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं त्या माणसाचीच सही. तिच्यामागचं गणित मला अतिशय देखणं वाटतं. दोन किल्ल्या असतात, एक उघड आणि एक गुप्त. गुप्त किल्ली टोकनच्या बाहेर कधीच येत नाही. सही करायच्या मजकुराचा गणिती सारांश आत जातो, आणि सही तेवढी बाहेर येते. रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी १९७७मध्ये मांडलेली ही पद्धत मोठाल्या संख्यांचे अवयव पाडणं किती अवघड आहे, यावर उभी आहे. आणि अशी टोकनं अनेक ऑफिसांत एका ड्रॉवरमध्ये पडलेली असतात, प्रत्येकाला कंपनीच्या संचालकाच्या नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवरच पिन. कारण संचालक मुंबईत, आणि फॉर्म आज रात्री बारापर्यंत भरायचा. जगातला कोणताही संगणक जी किल्ली फोडू शकत नाही, ती त्या ड्रॉवरसमोर बसणाऱ्या कोणालाही वापरता येते. गणित आपलं काम पुरं करतं. पुढचं काम कार्यपद्धतीचं असतं, आणि ते वाणिज्य शाखेच्या माणसाचं आहे.

हे मी ठासून म्हणतो ते पुण्यात २०१८च्या ऑगस्टमध्ये जे घडलं त्याच्या आधारानं. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी तिचे पैसे काढले गेले, भारतातही काढले गेले, आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेच्या मार्गे जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. एटीएममधून आलेली मागणी आधी स्विचकडे जाते आणि स्विच ती बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो: या खात्यात पैसे आहेत का, द्यायचे का? हल्लेखोरांनी मधेच आपला खोटा स्विच बसवला. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोचलीच नाही. खोट्या स्विचनंच परस्पर "हो, द्या" असं उत्तर दिलं. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, गेला तो बँकेचा पैसा. यात कुठल्या आजोबांनी फोनवर ओटीपी सांगितला होता? आमच्या पुस्तकातल्या सगळ्या सूचना खातेदारांनी तंतोतंत पाळल्या असत्या, तरी हे घडलंच असतं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघड झाला होता. तिथे तर हॅकरही नव्हता. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना स्विफ्टनं हमीचे संदेश जात राहिले आणि त्यांची नोंद बँकेच्या मुख्य प्रणालीत होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. एक सायबर दरोडा आणि एक आतल्या माणसांचा घोटाळा. पुस्तकात दोन्ही वेगळ्या कप्प्यांत जातील. मला दोन्हींत एकच भोक दिसतं. बाहेर शब्द दिला जात होता आणि आतल्या खतावणीला त्याचा पत्ता नव्हता. बँकेत मेकर-चेकर म्हणतात, म्हणजे एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं ती मंजूर करायची. ऑडिटिंगच्या पेपरात हेच अंतर्गत तपासणी म्हणून शिकवतात. रोजच्या रोज दोन वह्या ताडून बघणं ही तर संगणकाच्या कितीतरी आधीची रीत आहे. सुरक्षेचं सगळ्यांत भक्कम शहाणपण वाणिज्याच्याच घरात होतं, आणि आम्हाला ते संगणकाच्या पुस्तकात व्हायरसच्या व्याख्यांमागे शोधावं लागतं.

दोष माणसापेक्षा आखणीत जास्त असतो, हा ओटीपीचा धडा पासवर्डबाबतही लागू आहे. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणं हा कित्येक वर्षं शिरस्ता होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनं २०१७मध्ये तो सल्ला मागे घेतला. कारण साधं होतं: सारखं बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ करतो. लांब पासवर्ड ठेवू द्या, तो फुटल्याची खूण दिसली तरच बदलायला लावा, असं संस्था आता सांगते. नियम माणसाच्या स्वभावाला धरून असावा, ही समज तिथे तज्ज्ञांनाही उशिरा आली. म्हणून दुकानदारांच्या नावापुढे '@१२३' लावलेले पासवर्ड पाहून कोणी नाकं मुरडली की मला ते पटत नाही.

१ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एक अट आली आहे. प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. टॅलीत याला एडिट लॉग म्हणतात. त्याआधी मागच्या तारखेचं व्हाउचर उघडून रक्कम बदलली, तर माग राहीलच असं नव्हतं. हा बदल मोलाचा आहे असं मी मनापासून मानतो. पण एखाद्या ऑफिसातले सगळेच एकाच 'ॲडमिन' नावानं आत शिरत असतील, तर लॉग इमानेइतबारे सांगणार की हा बदल ॲडमिननं केला, आणि उलगडा काहीच होणार नाही. टॅलीत प्रत्येकाला वेगळं नाव देता येतं, नोंदी टाकणाऱ्याला जुन्या तारखांपासून दूर ठेवता येतं. हे करायला अर्धा तास पुरतो. माझ्या माहितीतल्या लहान ऑफिसांत ते क्वचितच केलेलं असतं, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, "अरे, घरचीच माणसं आहेत." खरं तर वेगळी नावं घरच्या माणसांच्याच बाजूची असतात. रक्कम कमी पडली की संशय सगळ्यांत धाकट्या पोरावर जातो, आणि मी ते नाही केलं हे दाखवायला त्याच्याकडे दुसरा कोणताच पुरावा नसतो.

आमच्या वर्गातली बरीच मुलं पतसंस्थांत, क्लिअरिंग एजंटांकडे, दुकानांत आणि करसल्लागारांकडे जाणार. तिथे आयटी विभाग नसतो. टॅलीत कोणाला किती अधिकार द्यायचे, बॅकअप कुठे ठेवायचा, पक्षकाराची डीएससी कोणाच्या ताब्यात राहील, हे आमच्यापैकीच कोणीतरी ठरवणार आहे. म्हणून मला परीक्षेत वर्म आणि ट्रोजनमधला फरक विचारलेला नको आहे. एका लहान पतसंस्थेची पाच माणसं द्यावीत, त्यांची कामं द्यावीत आणि विचारावं: कोणाला कोणता अधिकार द्याल, कोणाचं काम कोण तपासेल, आणि व्यवस्थापक रजेवर असेल त्या दिवशी काय कराल? शेवटच्या पोटप्रश्नाला सगळ्यांत जास्त गुण असावेत, कारण पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला जातो तो त्याच दिवशी.