सहाध्यायांची खुशाली

व्यवस्थापनशास्त्राच्या मोठ्या संस्थांतून बाहेर पडलेल्या तुकड्या दर पाचदहा वर्षांनी पुन्हा एकत्र जमतात, आणि जमण्यापूर्वी बहुधा एक लहानशी पुस्तिका काढतात. प्रत्येकाच्या वाट्याला चारसहा ओळी येतात. सध्या कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर. पत्नी किंवा पती काय करतात, मुले कोठे शिकतात. गेल्या काही वर्षांत कोणकोणते देश पाहिले. व्यवसाय, कुटुंब आणि प्रवास या तीन रकान्यांत माणसाची वीसपंचवीस वर्षे बसवायची असतात. अमेरिकेत ही चाल जुनी आहे. आपल्याकडे कलकत्ता आणि अहमदाबाद येथील संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. त्यांपैकी अहमदाबादच्या संस्थेची घडण हार्वर्डच्या सहकार्याने झाली. बडोद्याच्या मराठी घरांपासून ती शंभरसव्वाशे किलोमीटरांवर असल्यामुळे आपल्यांतील कित्येकांची मुले, आणि आता नातवंडे, असल्या पुस्तिकांत दिसू लागली आहेत.

आमच्या वाचकांना हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये. अनेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर कुलवृत्तांत असतो. त्यातही जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्ये आणि क्वचित काशीयात्रा, अशाच त्रोटक नोंदी असतात. पण दोहोंत एक भेद आहे. कुलवृत्तांतात नाव येण्यासाठी काही करून दाखवावे लागत नाही. मुंजीनंतर वर्षभरातच वारलेला मुलगा, घर सोडून गेला तो परत न आलेला, शिक्षण बेताचे म्हणून गावची शेती पाहणारा, यांनाही त्यात ओळ मिळते, आणि ती सरसुभ्याच्या ओळीइतक्याच ठशांत छापलेली असते. सहाध्यायांच्या पुस्तिकेत मात्र काही नावांपुढे कोरी जागा राहते. ती कोणाची राहते आणि का, याचा विचार केला म्हणजे एक जुना नैतिक प्रश्न समोर येतो. बरोबरीने सुरुवात केलेल्या माणसाची वार्ता आपण घेतो, तेव्हा आपण त्याची खुशाली विचारत असतो, की त्याच्याकडे हिशेब मागत असतो?

हिशेबाची कल्पना एका समजुतीवर उभी आहे. एकच प्रवेशपरीक्षा, एकच वर्ग, एकच पदवी. तेव्हा सर्वांची सुरुवात एकाच रेषेवरून झाली, आणि पुढे पडलेले अंतर ज्याच्या त्याच्या कर्तबगारीचे, असे गृहीत धरले जाते. या समजुतीची परीक्षा घ्यायची तर हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या १९४९ सालच्या तुकडीकडे पाहावे. अमेरिकन उद्योगांच्या इतिहासात ही तुकडी प्रसिद्ध आहे. तिच्यातून झेरॉक्सचे पीटर मॅकोलो, जॉन्सन अँड जॉन्सनचे जेम्स बर्क, कॅपिटल सिटीज या प्रसारण कंपनीचे टॉम मर्फी, ब्लूमिंगडेल्सचे मार्व्हिन ट्राऊब असे कंपन्यांचे धुरीण निघाले. लॉरेन्स शेम्स यांनी १९८६ साली या तुकडीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ‘जिच्यावर डॉलर पडले ती तुकडी’ असे तिचे वर्णन पुढे रूढ झाले, आणि ते वर्णन करणाराच्या मनात असेल त्याहून अधिक खरे आहे. डॉलर त्यांनी खणून काढले असे कोणी म्हटले नाही, ते पडले. महायुद्ध संपलेले, युरोप आणि जपान यांचे कारखाने उद्ध्वस्त, युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४च्या कायद्याने सरकारने उचललेला, आणि देशात माल घेणारे हात कोट्यवधी. पाऊस चांगला झाला होता. ज्याच्या हाती औत होते त्याने पेरले, यात त्याचे श्रम खरेच. पण पाऊस त्याने पाडला नव्हता.

याच १९४९ सालाची आपल्या घरांतली आठवण वेगळी आहे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या घरांनी हा अनुभव वर्षभर आधी, १९४८च्या मे महिन्यात मध्यभारत झाले तेव्हा घेतला होता. संस्थानच्या शाळांतून शिकलेली, राज्याच्या चाकरीची तयारी केलेली, आजोबांनी जेथवर मजल मारली त्याच्या पुढची पायरी डोळ्यांसमोर ठेवून वाढलेली तरुण मुले त्या उन्हाळ्यात एका वेगळ्याच जगात जागी झाली. काहींना नव्या राज्याच्या सेवेत जागा मिळाली, काहींनी वकिली धरली, काही शिकवण्या करू लागले. बुद्धीने ती बॉस्टनच्या त्या वर्गापेक्षा कमी होती असे म्हणायला आम्हांस कोणताच आधार दिसत नाही. (हार्वर्डचे ते विद्यालय ज्या १९०८ साली निघाले त्याच वर्षी सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा काढली, हे जाता जाता सांगावेसे वाटते. धनाच्या व्यवहाराचे शहाणपण तेवढे तिकडचे, असा समज करून घेण्याचे कारण नाही.) ज्या महिन्यांत तिकडच्या तरुणांच्या हाती पदव्या पडत होत्या, त्याच महिन्यांत इकडच्या तरुणांच्या हातून ज्यासाठी शिकलो ते राज्यच निसटले होते. यांपैकी कोणाचाही हिशेब नुसत्या कर्तबगारीच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे होईल.

यावर असे म्हणता येईल की, मग सारेच काळाचे दान मानायचे काय? कर्तृत्व म्हणून काही उरतच नाही काय? उरते, आणि तेही या तुकडीतच पाहायला मिळते. १९८२ साली शिकागो परिसरात जॉन्सन अँड जॉन्सनच्या टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांत कोणी सायनाइड मिसळले आणि ७ माणसे मेली. विष कारखान्यात मिसळले गेले नव्हते. तरीही बर्क यांच्या कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि १० कोटी डॉलरांहून अधिक नुकसान सोसले. बर्क त्या खुर्चीपर्यंत पोहोचले यात काळाचा वाटा मोठा असेल. खुर्चीवर बसून त्यांनी जे केले त्यात मात्र काळाचा वाटा शोधावा लागतो.

हा भेद आपल्या परंपरेला फार पूर्वी दिसला होता. पतंजलींनी चित्ताच्या प्रसन्नतेसाठी चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा. आपण सामान्यतः या चौकडीतील करुणेचे कौतुक करतो आणि पुढे जातो. पण पहिली जोडी अधिक विचार करण्याजोगी आहे. सुखी माणसाशी मैत्री ही सांगावी लागते, अभ्यासावी लागते. कारण ती आपोआप होत नाही. वाचस्पतिमिश्रांनी टीकेत कारणही दिले आहे: या भावनेने चित्तातील ईर्ष्येचा मळ जातो. ॲरिस्टॉटलनेही म्हटले आहे की, माणूस हेवा करतो तो काळाने, स्थळाने, वयाने आणि लौकिकाने आपल्या जवळ असलेल्याचा. दूरच्या राजाचा हेवा कोणी करीत नाही. वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहिलेल्याचा करतो.

आणखी असे की, पतंजलींनी मुदिता, म्हणजे मनापासूनचा आनंद, पुण्यवानासाठी राखून ठेवला आहे, सुखवंतासाठी नव्हे. सहाध्यायी अध्यक्ष झाला तर त्याच्याशी मैत्री अभंग राहावी एवढेच अपेक्षित आहे. टाळ्या वाजवण्याची सक्ती नाही. त्याने बाटल्या परत मागवल्या तर मात्र आनंद व्हावा. पुस्तिकेच्या रकान्यांत पहिली गोष्ट लिहायला जागा असते, दुसरी लिहायला नसते.

जागा नसल्यामुळे काय होते त्याचे उदाहरण त्याच विद्यालयाच्या १९७९ सालच्या तुकडीत आहे. एन्रॉनचे जेफ्री स्किलिंग त्या तुकडीतले. १९९९ साली, पदवीला वीस वर्षे झाली तेव्हा, ते देशातील एका अत्यंत वाखाणलेल्या कंपनीचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. त्यांच्याइतकी चकचकीत ओळ फार थोड्यांची असेल. २००१च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळे काढले, २००६ साली स्किलिंग यांना २४ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. ती पुढे कमी होऊन ते २०१९ साली सुटले. त्यांचे सहाध्यायी क्लेटन ख्रिस्टेन्सन (मृत्यू २०२०) यांनी २०१० साली त्याच विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे आयुष्य मोजायचे कशाने, या विषयावर भाषण केले. पुढे त्याचे पुस्तकही झाले. स्किलिंग विद्यार्थिदशेत भले होते, असे ते सांगत. पाच वर्षांनंतरच्या मेळाव्यात जो तो सुखी दिसत होता, पुढच्या मेळाव्यांत मात्र संसार मोडलेले, मुलांना दुरावलेले, कामाला विटलेले सहाध्यायी वाढत गेले, आणि काही तर येईनासेच झाले, हे त्यांचे निरीक्षण आहे. स्किलिंग यांना पतंजलींच्या कोणत्या घरात बसवावे, दुःखी की अपुण्यवान, हे परका मनुष्य चटकन ठरवील. पण ज्याने त्याला तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पाहिले त्याला ते इतके सोपे जात नाही. सहाध्यायाचे खरे मोल आम्हांस येथे दिसते. आपण कोणीच नव्हतो तेव्हा आपण कसे होतो, याचा तो साक्षीदार असतो. आईबाप गेल्यावर असे साक्षीदार फार उरत नाहीत.

कुटुंबाच्या रकान्याविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९४९च्या त्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. तेथे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला स्त्रियांना थेट प्रवेश १९६३ साली मिळाला, आणि त्या वर्षी त्या आठ होत्या. तोवर तेथील बहुतेक पदवीधरांच्या नोंदींत स्त्री आली ती कोणाची तरी पत्नी म्हणून, एका ओळीत. मुलांचे शिक्षण, सासूसासऱ्यांची दुखणी, दर तीन वर्षांनी होणारी बदली आणि नव्या गावात पुन्हा मांडलेले घर, हे सारे त्या एका ओळीच्या मागे दडलेले असे. आपल्या कुलवृत्तांतांनाही या बाबतीत फुशारकी मारता येणार नाही; सुनेचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव दिले की तेथेही काम संपते.

प्रवासाच्या रकान्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पाहिलेल्या देशांची संख्या ही माहिती आहे, वार्ता नव्हे. प्रवासाची वार्ता कशी असते ते वरसईच्या विष्णुभट गोडशांनी दाखवून ठेवले आहे. घरचे कर्ज फिटावे म्हणून ते १८५७ साली उत्तरेकडे गेले, बंडाच्या धुमाळीत सापडले, झाशीत लुटले गेले, उपाशी राहिले, आणि आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन परतले. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला आणि ग्वाल्हेर-झाशीच्या घरांतून अजून वाचला जातो. त्यात लुटले गेल्याची हकीकत गाळलेली नाही.

आता आमच्या ओळखीच्या एका तुकडीची हकीकत सांगून थांबतो. पदवीला तीस वर्षे झाली म्हणून पुस्तिका निघायची होती. एक नाव वीस वर्षे कोरे राहत आलेले. त्या गृहस्थांना संपादनाचे काम पाहणाऱ्या दोघांनी या वेळी पत्रावर पत्रे पाठवली. अखेर उत्तर आले. व्यवसाय: ‘२००३पर्यंत नोकरी. नंतर घरी.’ कुटुंब: ‘आई (२०१४पर्यंत). धाकटा भाऊ.’ प्रवास: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अहमदाबाद.’ भावाला तरुणपणीच मनाचा आजार जडला होता आणि त्याचे डॉक्टर अहमदाबादेत होते, एवढे पुढे फोनवर कळले.

संपादकांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे, ही नोंद अशीच छापली तर वाचणारे हळहळतील आणि त्याला ते आवडणार नाही. ‘स्वतंत्र सल्लागार’ असे काहीसे घालावे, कोणाचे काही बिघडत नाही. हे म्हणणे दुष्टपणाचे मुळीच नव्हते. मित्राची लाज राखण्याची ती धडपड होती. परंतु लाज वाटावी असे त्या तीन ओळींत काय होते? तीस वर्षांत त्या तुकडीने जे जे केले त्यात पतंजलींच्या मुदितेला पात्र अशा गोष्टी निवडायच्या ठरल्या, तर ही नोंद फार खाली लागेल असे आम्हांस वाटत नाही. ‘सल्लागार’ हा शब्द घातला असता तर ती फक्त सुखी माणसांच्या रांगेत, अगदी शेवटी जाऊन उभी राहिली असती. त्या गृहस्थांना विचारले तेव्हा ते म्हणाले, लिहिले आहे तेच छापा, नाहीतर जागा कोरी ठेवा. इतकी वर्षे होतीच.

नोंद तशीच छापली गेली. मेळाव्याला ते आले नाहीत; भावाला एकटे ठेवता येत नाही. पण महिनाभरात तिघांची पत्रे त्यांना गेली, त्यांतल्या दोघांच्या घरी तसलेच काही होते आणि त्यांच्या स्वतःच्या नोंदींत त्याचा मागमूस नव्हता. अहमदाबादेतच राहणाऱ्या आणखी एकाने, ज्याची नोंद संचालकपदांनी अर्धे पान भरली होती, पत्र लिहिले नाही. फोन करून एवढेच विचारले, ‘मंगळवारी किती वाजता पोहोचतोस?’