शंकेखोर यंत्र

1966 साली इस्रायलमध्ये डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचे गुरू हॅरी हेलर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून अचानक गेले. दुखणं आधीपासून माहीत होतं. पण माणसाला जन्मभर रुग्णालयात, विजेचा झटका देणाऱ्या यंत्राशेजारी कसं निजवून ठेवायचं? मिरोव्स्कींच्या मनाने घेतलं, माणूस यंत्रापाशी राहू शकत नसेल, तर यंत्रानेच माणसात राहायला जावं.

1968मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरला सिनाय रुग्णालयात आले. तिथे मॉर्टन मोवर यांची साथ मिळाली. जाणकार मात्र नाकं मुरडत होते. छातीवरून झटका देण्याची सुधारित पद्धत रुजवणाऱ्या बर्नार्ड लॉन यांनीसुद्धा 1972 साली या कल्पनेविरुद्ध लिहिलं.

मग मिरोव्स्की आणि मोवर यांनी एक फिल्म दाखवली. उभा असलेला कुत्रा कोसळतो. काही क्षण निपचित. त्याच्या शरीरात बसवलेलं यंत्र झटका देतं, अंग उसळतं आणि थोड्याच वेळात कुत्रा उठून शेपटी हलवू लागतो.

कोणीतरी म्हणालं, "पडायला आणि उठायला कुत्र्याला शिकवलं असेल!"

यावर वाद न घालता त्यांनी नवी फिल्म केली. या वेळी कुत्र्याबरोबर त्याच्या हृदयाचा आलेखही दिसत होता. कुत्र्याला नाटक शिकवता येईल, आलेखाला कोण शिकवणार?

अशीच शंका त्यांनी स्वतःच्या कामावरही घेतली होती. पहिला नमुना हृदयातला दाब उतरला की झटका देई. पण दाब मोजणारी नळीच दगा देऊ लागली, तर धडधाकट माणसाला झटका बसायचा! तो बेत सोडून त्यांनी हृदयाच्या विद्युत लहरी वाचणारं यंत्र घडवलं. 4 फेब्रुवारी 1980 रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसलं.

आजची यंत्रं त्याहून शंकेखोर. लय बिघडताच कपॅसिटरमध्ये वीज भरतात, पण ती सोडण्याआधी बहुधा ठोके पुन्हा तपासतात. तेवढ्यात हृदय सावरलं असेल, तर भरलेली वीज आतल्या आत जिरवून गप्प बसतात.

तात्पर्य : दुसऱ्याच्या शंकेला पुराव्याने उत्तर द्यावं, आणि ज्याच्या हाती तडाखा आहे, त्याने तो देण्याआधी एकदा स्वतःवरही शंका घ्यावी.